मदत हवी आहे: राजाच्या वाढदिवशी फोंडेलपार्कात पेटी वाजवायची आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही गेल्या वर्षी पुण्याहून नेदरलँड्समध्ये, आम्स्टरडॅमजवळच्या आम्स्टलफेनला आलो. २७ एप्रिलला, कोनिंग्सडागला (म्हणजे इथल्या राजाच्या वाढदिवशी), आमच्या नऊ वर्षांच्या लेकीला आम्स्टरडॅमच्या फोंडेलपार्कात चादर अंथरून बसायचंय. तिथला खुला बाजार खास मुलांचा असतो, जुनी खेळणी विकतात, कुणी व्हायोलिन वाजवतं, हे शेजारच्या डच आजींकडून कळल्यापासून ती रोज पेटीवर भूप घोटतेय! इतक्या हौसेने ती कधीच रियाजाला बसली नव्हती, म्हणून हे जमावं असं फार वाटतं.

जागा मिळवायला पहाटे किती वाजता पोहोचावं? त्या दिवशी शहराच्या मध्यभागात ट्राम नीट चालत नाहीत म्हणे, मग पेटी घेऊन कसं जावं? सायकलच्या पुढच्या पेटाऱ्यात ठेवली तर स्वर हलतील का, हीच मोठी धास्ती. घरचे बेसनलाडू विकायला ठेवले तर चालतात का?

उट्रेख्त शहरातला असाच बाजार आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. लहान मुलांना घेऊन तिथे कुणी गेलंय का? गर्दी झेपते का?

नारिंगी, म्हणजे इथल्या राजघराण्याच्या रंगाचे, कपडे तयार आहेत. आईंनी पुण्याहून झेंडूच्या रंगाचं परकर-पोलकं पाठवलंय.