कोल्हापूर, दोन दिवस, चार मैत्रिणी: चित्रं, सिनेमा, चपला आणि काळा दगड. सुचवा!

ओली_शाई
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी आम्ही चौघी पुण्याहून कोल्हापूरला येतोय. एक आर्किटेक्ट, एक फॅशन डिझाइन शिकवणारी, एक जुन्या सिनेमाची वेडी आणि मी हौशी जलरंगवाली. आजवरचं आमचं कोल्हापूर म्हणजे अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा, रंकाळ्यावर भेळ आणि परत गाडीत. दर्शन घेऊच, जेवणाचंही सुचवू नका, त्यात आम्ही तरबेज आहोत. बाकीचं शहर कसं बघावं ते सांगा. 'अमुक दहा ठिकाणं पाहाच' छापाच्या याद्या वाचून झाल्यात.

तिकटीवरचा
ताई, पहिलं म्हणजे गाडी हॉटेलवर ठेवा. पेठांत गाडी घालून पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातोय.

सकाळी बिंदू चौकातनं चालायला लागा. जुन्या तटबंदीचा बुरूज अजून उभा आहे. बाबासाहेबांचा पुतळाही बघा, १९५० साली, ते हयात असताना बसवलेला आहे. तिथनं भवानी मंडप, मग खासबाग मैदान. खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे शाहू महाराजांनी १९१३ ते १५ मध्ये बांधून घेतलेलं पॅलेस थिएटर. ऑगस्ट २०२४ मध्ये, गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते जळालं. आख्खं गाव रस्त्यावर येऊन बघत हुतं, मी पण त्यात. आत जायला मिळेल असं धरून चालू नका, बाहेरनं बघा. कुस्तीचं मैदान आणि नाटकाचं थेटर एकाला एक चिकटून का बांधलं असेल, ते आर्किटेक्ट मैत्रिणीला विचारा. आमच्याकडं त्याचं उत्तर एकच : राजाला दोन्हीचा नाद.

पुढं मिरजकर तिकटीवरनं खरी कॉर्नरला या. तिथं कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. सिनेमावाल्या ताईला तिथं पाच मिनिटं एकटं सोडा.

ओली_शाई
कॅमेऱ्याचा स्तंभ? हे पहिल्यांदाच ऐकतेय. कशासाठी?

रीळ_नंबर_दोन
मी सांगतो, हा माझा विषय. बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री घराण्यातले. आनंदराव पेंटरांबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमाचं वेड लागलं, पण कॅमेरा आणायचा कुठून? मग तो कोल्हापुरातच घडवला. १ डिसेंबर १९१७ ला महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. दर १ डिसेंबरला त्या स्तंभापाशी कॅमेऱ्याची पूजा होते. तुम्ही दहा-बारा दिवस आधी निघाला असतात तर बघायला मिळाली असती.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की या माणसाने चित्रकार, शिल्पकार आणि सिनेमावाला अशा तीन वेगळ्या खोल्या केल्याच नाहीत. सेट उभारायचे आणि पोस्टरंही स्वतः रंगवायचे. दामले, फत्तेलाल, शांताराम हे सगळे त्यांच्याच कंपनीत तयार झाले. १९२९ ला तिथून बाहेर पडून त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली, तीही कोल्हापुरातच. पुण्याला गेली १९३३ मध्ये. तेव्हा प्रभात रोडवरून जाताना आमची थोडी आठवण काढत चला :)

चुना_गच्ची
आर्किटेक्ट मैत्रिणीसाठी. टाऊन हॉल आणि नवा राजवाडा एकाच दिवशी, याच क्रमाने बघा. दोन्ही मेजर चार्ल्स मांट यांचे. टाऊन हॉल आधीचा, नवा राजवाडा १८७७ ते ८४ चा. आधी लहान इमारतीत हात बसलेला दिसतो, मग मोठ्या इमारतीत तोच माणूस मोकाट सुटलेला. वर छत्र्या आणि घुमट, मधोमध विलायती घड्याळाचा मनोरा, आणि सगळं आपल्या काळ्या दगडात. बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडाही मांटनेच आखलेला, पण तो पुरा व्हायच्या आधीच मांट गेला.

राजवाड्यात आत फोटो काढू देत नाहीत, वही न्या. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. पेंढा भरलेले वाघ वगैरे मला बघवत नाहीत, तिथून मी भराभर पुढे जाते.

टाऊन हॉलमधलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, तुमचे वार बरोबर आहेत. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला पोसायडनचा छोटा ब्राँझ पुतळा तिथे आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी! लोक तोफा बघून परत फिरतात आणि हा राहून जातो.

पंचगंगा_काठ
जलरंगवालीसाठी : कोल्हापूरचे जुने चित्रकार अबालाल रहिमान बघितल्याशिवाय जाऊ नका. त्यांची चित्रं टाऊन हॉलमध्येच मिळतील. रंकाळा, कोटितीर्थ आधी चित्रात बघा आणि मग संध्याकाळी प्रत्यक्ष जा. उलटं केलंत तर आजूबाजूच्या इमारतीच दिसत राहतील. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलादालन आहे. नट म्हणून ते ठाऊक असतातच, तिथे त्यांची पावडर शेडिंगची चित्रं बघा. कोरडी पूड कागदावर बोटाने घासून केलेली, ब्रश नाहीच. दसरा चौकात शाहू स्मारकाच्या कलादालनात चालू प्रदर्शन असेल तर तेही बघून घ्या.

कान_आणि_अंगठा
आता चपला. माझं सासर-माहेर दोन्ही याच भागात, तरी मागच्या वर्षी मी फसले. घाईत एका टपरीवरून जोड घेतला. पहिल्याच पावसात तळवा फुगला, आत पुठ्ठा निघाला! तेव्हा शिवाजी चौकाच्या बाजूच्या चप्पल लाईनीत जाल तेव्हा जोड हातात घेऊन कडेने बघा. खऱ्या पायताणाच्या तळाला कातड्याचे थर दिसतात आणि शिवण कातडी वादीची असते, खिळा नाही. नाकाशी धरा, रंगाचा नाही, कमावलेल्या कातड्याचा वास आला पाहिजे. हे कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात. कापशी वेगळी, कुरुंदवाडी वेगळी, दुकानदाराला दोन्ही शेजारी ठेवायला सांगा म्हणजे कान (बाजूच्या कातडी पाकळ्या) आणि पट्ट्यातला फरक कळतो. वेणी घालणं, शिवणं बहुतेक घरांतल्या बायका करतात, हे शिकवणाऱ्या ताईने मुलांना जरूर सांगावं.

२०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. म्हणून कर्नाटकातल्या अथणीचा जोड 'डुप्लिकेट' म्हणून नाकारू नका. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तसल्याच चपला चालवल्या आणि मग इकडे सगळ्यांना आपलं पायताण आठवलं. असो.

जमलं तर गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, कोल्हापुरी साज (गळ्यातला दागिना) बघून या. घ्यायचा नसला तरी पानड्या आणि जवमणी कसे ओवतात ते बघता येतं.

चुना_गच्ची
एक राहिलं. रविवारी खिद्रापूर करा. तिथल्या कोपेश्वराच्या देवळाचा स्वर्गमंडप, अठ्ठेचाळीस खांब आणि मधोमध छताला मुद्दाम ठेवलेलं गोल आकाश.

तिकटीवरचा
अहो, एवढं लांब? दोन दिवसांत खिद्रापूर घातलं तर हिकडचं राजारामपुरीचं राहतंय. पुढच्या फेरीला ठेवा.

चुना_गच्ची
आर्किटेक्ट सोबत असताना पुढची फेरी कशाला? बाकी तिघींना झोपू दे, तिला एकटीला पहाटे गाडी द्या.

ओली_शाई (दहा दिवसांनी)
जाऊन आलो! आर्किटेक्ट खरंच पहाटे एकटी खिद्रापूरला गेली, अकराला परत आली आणि जेवेपर्यंत कुणाशी बोलली नाही. सिनेमावालीने खरी कॉर्नरला स्तंभाचे चाळीस फोटो काढले. शेजारचे काका म्हणाले, 'रोज बघतोय, फोटो कधी काढला न्हाई.' मी मांडऱ्यांच्या चित्रांपुढे इतका वेळ उभी होते की तिथल्या बाईंनी खुर्ची आणून दिली. रात्री गंगावेशीत म्हशीचं ताजं दूध प्यायलो, हे कुणीच सुचवलं नव्हतं, निषेध.

एक अडचण. कापशी घेतली, सुंदर आहे, पण अंगठा सोलून निघालाय. काय करू?

कान_आणि_अंगठा
रात्री अंगठ्याला आणि पट्ट्याला आतून खोबरेल लावून ठेवा. आठवडाभर घरातल्या घरात, मोजे घालून. हसू नका, आम्ही सगळे असंच करतो.