मदत हवी आहे: ग्रामपंचायतीच्या आराखड्यात कामांचा क्रम कसा लावायचा?

पाणंद

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झाले आहे, महिला राखीव जागेवरून. गाव मराठवाड्यातलं, लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास, शिवाय अडीच किलोमीटरवर एक तांडा. सध्या २०२५-२६ च्या विकास आराखड्याचं काम सुरू आहे.

ग्रामसभेत कामं सुचवा म्हटल्यावर जो तो उठून आपापल्या गल्लीचं काम सांगत गेला आणि ग्रामपंचायत अधिकारी (आम्ही अजून ग्रामसेवकच म्हणतो) लिहीत गेले. यादी साठच्या वर गेली. पेव्हर ब्लॉक, सभामंडप, हायमास्ट (उंच खांबावरचे दिवे), गावाच्या वेशीवर कमान, बंदिस्त गटार, स्मशानभूमीला शेड, शाळेला कंपाउंड. वित्त आयोगाचे आमच्या वाट्याला येतात वर्षाला साधारण अकरा लाख. त्यातही बंधित-अबंधित असं काहीतरी आहे, ते मला अर्धवटच कळलं.

माझी खरी अडचण वेगळी आहे. जलजीवनची टाकी झाली, नळ झाले, पण वीजबिल थकलं की जोडणी तोडतात आणि गाव पुन्हा हातपंपावर. यादीत या विषयाचं एकही काम नाही, कारण हे 'काम' आहे असं कुणाला वाटतच नाही. मी बोलले तर सरपंच म्हणाले, "ताई, बिल भरलेलं कुणाला दिसत नाही, ब्लॉक दिसतात." राजकारण म्हणून त्यांचं चूक नाही हेही मला कळतं.

तर प्रश्न असा की साठ कामांतून निवड कशाच्या आधारावर करायची? त्यासाठी काही पद्धत असते का, की ज्याचा आवाज मोठा त्याचं काम? आणि वीजबिल आराखड्यात धरता येतं का?

कौलारू

ताई, आधी एक विचारते. तुमच्याकडे वॉर्डसभा आणि महिलासभा झाल्या का? ग्रामसभेच्या आधी महिलासभा घ्यायची असते आणि तिथले ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचे असतात. बहुतेक गावांत ती रजिस्टरवरच होते. आमच्याकडे मी सरपंच असताना पहिल्यांदा खरोखर घेतली, तर दीड तासात पेव्हर ब्लॉकचं नाव कुणीही काढलं नाही. पाणी किती वाजता सुटतं, अंगणवाडीच्या संडासात पाणी नाही म्हणून मदतनीस पोरांना घरी पाठवते, रेशनला जाताना ओढ्यावर पाय घसरतो, असले विषय निघाले. ग्रामसभेत मात्र त्याच बाया मागच्या रांगेत गप्प.

पाणंद

महिलासभा झाली म्हणे. मला निरोप नव्हता. सह्या आहेत.

जुने खोड

पंचायत विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. असे आराखडे बरेच हातांखालून गेले, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी पैशाचं. १५ व्या वित्त आयोगाचा निधी (त्याची मुदत २०२५-२६ पर्यंतच) महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८०, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के असा वाटला जातो. तुमचे अकरा लाख म्हणजे त्या ८० टक्क्यांतला तुमचा हिस्सा. त्यात ६० टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांनाच वापरायचे, ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे. बंधिताचे पुन्हा दोन सारखे भाग आहेत: एक स्वच्छता आणि हागणदारीमुक्त स्थिती टिकवण्यासाठी, दुसरा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि सांडपाण्याच्या पुनर्वापरासाठी. म्हणजे साधारण ३ लाख ३० हजार स्वच्छतेला, तेवढेच पाण्याला, आणि मोकळे उरले ४ लाख ४० हजार. साठ कामांची भांडणं या ४ लाख ४० हजारांवर चालली आहेत! हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहा. निम्मी यादी तिथंच गळते.

वीजबिलाचं उत्तर: हो, धरता येतं. पाणीपुरवठ्याचं बिल बंधितातल्या पाण्याच्या भागातून आणि पथदिव्यांचं अबंधितातून भरायला शासनाने २०२१ मध्ये मुभा दिली. तेव्हा सरपंच मंडळींनी बराच आरडाओरडा केला, विकासाचा पैसा बिलात का घालायचा म्हणून. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. पण पाणी चालवणाऱ्या माणसाचा पगार मात्र यातून देता येत नाही. पगार आणि आस्थापनेवर हा निधी खर्चायचाच नाही.

आता क्रम लावण्याचं. मी कामं महत्त्वाची की बिनमहत्त्वाची असं आधी विचारत नसे, कारण प्रत्येकाला आपलं काम महत्त्वाचंच वाटतं. मी विचारायचो, हे दुसऱ्या कुठल्या खिशातून होतं का? शाळेचं कंपाउंड, शोषखड्डे, पाणंद रस्ते यांतलं बरंच रोजगार हमीत बसवता येतं. वस्तीतला रस्ता अनुसूचित जाती वस्ती विकासातून होतो. स्मशानभूमीच्या शेडला जनसुविधा योजना आहे. कमान, सभामंडप, ब्लॉक यांसाठी लोक आमदारांकडे पंचवीस-पंधरामधून (२५१५ हे ग्रामविकासाचं लेखाशीर्ष) मागतात, मागू द्या. ही सगळी कामं आराखड्यात जरूर घ्या, पण त्या-त्या योजनेच्या नावापुढे. आराखडा म्हणजे फक्त वित्त आयोगाची यादी, हा गैरसमज तालुक्याच्या ठिकाणीही आहे.

दुसरा प्रश्न, हे काम झाल्यावर दर महिन्याला खर्च किती आणि तो कोण देणार? हायमास्ट बसवला की त्याचं बिल आयुष्यभर तुमच्या गळ्यात. म्हणून अबंधितातून शक्यतो अशी कामं घ्या जी पुढचा खर्च वाढवत नाहीत किंवा कमी करतात. पाण्याच्या पंपाला कपॅसिटर, गळक्या व्हॉल्वची दुरुस्ती, टाकीवर सोलर. फोटोत यातलं काहीच उठून दिसत नाही, हे सरपंचांचं खरं आहे.

बिनधास्त

दहा-अकरा लाखांवर एवढी माथाफोड करून काय होणार? खरी गुंतवणूक कुठं करायची हे जिल्हा नियोजन समितीत आणि मंत्रालयात ठरतं. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांत राहून गेलेला विकासखर्च, ३,१८६ कोटींच्या वर काढला. १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळं आली. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदतही संपली. प्रादेशिक असमतोलावरच्या केळकर समितीचा अहवाल २०१३ चा. मराठवाड्यातलं पोर अजून पुण्यालाच जातंय. सिंचन नाही, उद्योग नाही, आणि तुम्ही व्हॉल्व बदला.

जुने खोड

बिनधास्त, तुमचा राग मान्य. पण तो दांडेकर अहवाल पुन्हा उघडून बघा. त्यात मराठवाड्याचा अनुशेष सुमारे ७५१ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९ कोटी. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यांनी एकेक जिल्हा राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिला होता आणि कोकणातले, पश्चिम महाराष्ट्रातले काही जिल्हेही सरासरीच्या खाली निघाले. पुढे केळकर समितीने म्हटलं की जिल्हासुद्धा फार मोठा, तालुका धरा. म्हणजे एकक जितकं लहान, तितकं मागासलेपण स्वच्छ दिसतं.

हेच गावाला लावा. पाणंद ताईंच्या गावात नळजोडणी कागदावर शंभर टक्के असेल. तांड्यावर किती, ते विचारा.

पाणंद

विचारलं. कागदावर तांड्यावर सगळीकडे नळ आहेत. प्रत्यक्षात पाइप टाकलाय, पण चढ असल्यामुळे शेवटच्या पंधरा-वीस घरांना पाणी चढतच नाही. तिथल्या बायका अजून विहिरीवर जातात.

पाण्याचा हिशेबही काढला, हा घ्या. जोडण्या ३८०, पाणीपट्टी वर्षाला १,२०० रुपये. सगळी वसूल झाली तर ४ लाख ५६ हजार. वसुली जेमतेम ४० टक्के, म्हणजे १ लाख ८२ हजार. खर्च: वीजबिल महिन्याला सरासरी १४ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ६८ हजार. पाणी सोडणाऱ्या दादांना महिना ६ हजार, म्हणजे ७२ हजार. टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची) पावडर आणि किरकोळ दुरुस्त्या धरून साठ हजार. बेरीज तीन लाख. तूट १ लाख १८ हजार. हे मी आधी कुठंच एका कागदावर पाहिलं नव्हतं, दप्तरातही तीन वेगवेगळ्या ठिकाणी होतं.

कौलारू

वा! हाच कागद ग्रामसभेत वाचा. वसुली ७० टक्क्यांवर गेली तरी ३ लाख १९ हजार होतात, तूट संपते. आमच्याकडे थकबाकीदारांची नावं फळ्यावर लावून काही झालं नाही, उलट भांडणं झाली. झालं ते दोन गोष्टींनी. पाणी सोडायची वेळ ठरवली आणि पाळली. आणि वर्षाचे १,२०० एकदम मागण्याऐवजी महिन्याला १०० घेतले, तेही बचत गटाच्या बायांनी घरोघर जाऊन. गटाला वसुलीवर थोडं कमिशन ठरवलं होतं. सोयाबीनच्या पैशाच्या वेळी लोक एकदम भरायलाही तयार असतात, ते हेरा.

गोदाकाठ

स्वच्छतेच्या ३ लाख ३० हजारांवर मधेच लिहितो. बंदिस्त गटाराच्या मागे लागू नका. गटार बांधलं की पाणी वेशीवर नेऊन सोडायचं कुठं, याचं उत्तर कुणाकडे नसतं, मग शेवटचा शेतकरी भांडतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारं कोरडी केली आणि डास घालवले. ते रोजगार हमीत बसतात. काळ्या मातीत पाणी जिरत नाही तिथं मात्र खड्डा खोल आणि मोठा लागतो, नाहीतर पावसाळ्यात तुंबतो. आधी पाच-सहा घरी करून बघा.

पाणंद

आमची जमीन काळीच आहे. लक्षात ठेवते.

आता तांड्याचं. चढावर पाणी पोचवायला छोटी टाकी आणि वेगळी मोटर लागेल, असं शाखा अभियंता म्हणाले. अंदाजपत्रक ६ लाखांच्या घरात जातंय. पाण्याच्या ३ लाख ३० हजारांत ते बसत नाही, त्यात बिलही घ्यायचं. करू काय? आणि पेव्हर ब्लॉकवाले तीन सदस्य अबंधितावर हात ठेवून बसलेत. आम्ही नऊ जण, चार एकीकडे, तीन दुसरीकडे, दोघं काठावर.

जुने खोड

तांडा आधी घ्या, पण एका वर्षात उरकायचा हट्ट नको. पहिलं म्हणजे जलजीवनचं काम तुम्ही पूर्ण म्हणून ताब्यात घेतलंय का? हस्तांतराचा ठराव झाला नसेल तर अजिबात करू नका. वीस घरांना पाणी जात नाही म्हणजे काम अपुरं आहे. पाणीपुरवठा विभागाच्या उपअभियंत्यांना ठरावासह पत्र द्या आणि संयुक्त पाहणी मागा. त्यांच्याकडून सुटलं तर तुमचा पैसाच लागत नाही. ठराव झालेला असेल तर या वर्षी बंधितातून पाइप आणि मोटर, आणि टाकीचा प्रस्ताव जिल्हा नियोजनाकडे.

इथं बिनधास्त यांच्या मुद्द्यावरही येतो. जिल्ह्याचा पैसा वरच ठरतो, खरंय. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये अखर्चित निधी खपवायला तयार कामं शोधत फिरतात. ज्या गावाकडे ग्रामसभेचा ठराव, तांत्रिक मान्यतेचं अंदाजपत्रक आणि जागेचा उतारा एका फाइलीत आहे, त्याचं काम त्या घाईत निघून जातं. बाकीची गावं "आमच्याकडे लक्ष नाही" म्हणत बसतात. तांड्याच्या टाकीची जागा कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. गायरान असेल तर त्याच्या परवानगीला वेळ लागतो.

अबंधिताच्या वादावर एक व्यवहारी तोडगा. ४ लाख ४० हजारांतून पथदिव्यांचं बिल आणि अंगणवाडीच्या संडासाचं पाणी आधी काढून ठेवा. उरलेल्यातून ब्लॉकचं एक काम द्या, पण ज्या गल्लीत पावसाळ्यात खरंच चिखल होतो तिथं. सगळंच नाकारलंत तर ते तीन जण तुमचा पाण्याचा ठरावही पाडतील. ग्रामपंचायत आहे ती, न्यायालय नव्हे.

आणि स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते होतात का हेही विचारून घ्या. घरपट्टीच वसूल होत नसेल तर ही रक्कमही नावापुरतीच राहते.

बिनधास्त

मार्चमधल्या फाइलींचं बोललात ते मात्र डोळ्यांनी पाहिलंय. माघार.

पाणंद

हस्तांतराचा ठराव झालेला नाही! आत्ताच रजिस्टर बघून आले. पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो घेणार होते. तांड्यावर वेगळी वॉर्डसभा घ्यायची मागणीही लेखी दिली, सरपंच तयार झालेत. कौलारू ताई, महिलासभा या वेळी अंगणवाडीत घेतेय, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बाया येत नाहीत.

जुने खोड

छान. तेवढा तो हस्तांतराचा विषय निघाला की "काम अपूर्ण असल्याने ताबा घेता येत नाही, तांड्यावरील घरांना पाणी पोचल्यावर विचार करू" असं शब्दशः लिहून घ्या. नुसतं "विषय तहकूब" नको.

आराखडा अपलोड झाला की ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर स्वतः उघडून बघा, मोबाइलवर मेरी पंचायत ॲपमध्येही दिसतो. ठरावातली कामं आणि तिथली कामं कधीकधी जुळत नाहीत. डेटा भरणारा मागच्या वर्षीचीच यादी चिकटवतो. फरक दिसला तर पुरवणी आराखड्यात दुरुस्ती होते, पण त्यासाठी ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल आधीपासून तुमच्या हातात हवी. सभा संपल्यावर त्याच आठवड्यात अर्ज करून ती घ्या.