ऊसतोडीला निघालेल्या गरोदर बायकांची तपासणी कुठं होईल?

गोदाकाठ (गेवराई): तांड्यावरच्या दोघींना पाचवा महिना लागलाय. दिवाळीनंतर कोयता घेऊन कोल्हापूरकडं जाणार. तिकडं तपासणी कोण करणार? तिसरीला अंगावरून पांढरं जातं, तिला पिशवी काढायला सांगतायत.

आरोग्यमैत्रीण: निघण्याआधी आशाताईंकडं नोंदणी करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. कारखान्याजवळच्या उपकेंद्रात ते दाखवलं की पुढची तपासणी होते. कार्ड मुकादमाकडं नको, बाईच्या स्वतःच्या जवळ हवं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. रक्त, रक्तदाब, लघवी तिन्ही बघून घ्या. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ७ च्या खाली असेल तर फडावर पाठवूच नका, आधी दवाखाना.

लोहाची गोळी रोज एक, किमान १८० दिवस. चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं होतं म्हणून बायका गोळी सोडतात, पण ते साहजिक आहे, त्यांना आधीच सांगा.

लातूरकर_नर्स: ताई, नुसतं पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नव्हे! बहुतेकदा जंतुसंसर्ग असतो, औषधानं बरा होतो. कधी नवऱ्यालाही औषध लागतं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात स्त्रीरोग विभागात दाखवा, गर्भाशयमुखाची तपासणी मागा. पिशवीसोबत अंडाशयंही काढली तर तरुणपणीच हाडं ठिसूळ होतात.

आणि गरोदरपणात रक्त गेलं, झटके आले किंवा बाळाची हालचाल थांबली तर लगेच १०८.