लिम्फोमा उलटला, आता पहिल्या टप्प्यातील चाचणी सुचवली आहे : वडिलांनी जावे का?

प्रश्न (गुहागर)
माझ्या वडिलांना बी-पेशींचा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक कर्करोग आहे. आर-चॉप या नेहमीच्या केमोथेरपीच्या सहा डोसांनंतर वर्षभरात आजार उलटला आणि दुसरी केमोथेरपीही लागू पडली नाही. आता मुंबईच्या डॉक्टरांनी टी-पेशींमध्ये (शरीराच्या संरक्षक पेशींमध्ये) जनुकीय बदल करण्याच्या एका नव्या उपचाराची, पहिल्या टप्प्यातील चाचणी सुचवली आहे. वडिलांचे म्हणणे एकच, ‘म्हणजे माझ्यावर प्रयोग करणार!’ त्यांना काय उत्तर द्यावे?

उत्तर (रत्नागिरी)
वडील चुकीचे बोलत नाहीत. पहिल्या टप्प्यात मुख्यतः उपचार झेपतो का आणि किती मात्रा द्यावी, हे पाहिले जाते. रोग किती हटतो हे दुय्यम असते. म्हणून रुग्ण थोडे असतात आणि मात्रा सावधपणे वाढवतात. मात्र हा मार्ग अगदीच अनोळखी नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याच्या उपचाराला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, आणि त्याच्याही पहिल्या टप्प्यात केवळ १४ रुग्ण होते. तेव्हा आधी हेच विचारा, की मंजूर कार-टी उपचार वडिलांना का नको? अडचण पैशांची आहे, की ज्या खुणेवरून या टी-पेशी कर्करोग ओळखतात, ते सीडी१९ हे लक्ष्यच त्यांच्या कर्करोगाच्या पेशींवर उरलेले नाही?

उत्तर (देवगड)
माझ्या थोरल्या बंधूंनी अशा चाचणीत भाग घेतला होता. रक्तातून टी-पेशी काढून घेतल्या, त्या प्रयोगशाळेत तयार होईपर्यंत काही आठवडे थांबावे लागले, आणि त्या काळात आजार आवरायला मधले औषध चालूच होते. प्रत्यक्ष पेशी चढवायला अर्धा तासही लागला नाही. खरी कसोटी पुढे होती. ताप १०३ पर्यंत गेला. उपचाराचा मेंदूवर परिणाम होतो का हे पाहायला परिचारिका रोज त्यांच्याकडून एक वाक्य लिहून घेत, शंभरपासून दहादहाने उलटे मोजायला सांगत. ‘कलमांना मोहोर आला’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. पाचव्या दिवशी ‘मोहोर’ची अक्षरे एकमेकांवर चढली, आणि बोलण्यात काहीच फरक जाणवत नसताना डॉक्टरांनी तेवढ्यावरून स्टेरॉइड सुरू केले. सुमारे महिनाभर रुग्णालयाजवळ राहावे लागते, सोबत एक माणूस कायम हवा; हंगामाच्या तोंडावर आमची धांदल झाली, हेही खरेच. आज ते बागेत फिरतात, पण दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात. एका रुग्णाचा अनुभव म्हणूनच हे वाचावे.

प्रश्नकर्ता (गुहागर)
आभारी आहे. संमतिपत्र इंग्रजीत आहे. वडिलांना ते वाचता येत नाही.

उत्तर (रत्नागिरी)
मग सही करू नका. रुग्णाला समजणाऱ्या भाषेत संमतिपत्र देणे बंधनकारक आहे. मराठी प्रत मागा, घरी आणून वाचा. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार मिळतात, ते कलम त्यात शोधा. भारतीय चाचणी नोंदणीतील क्रमांकही मागून घ्या. आणि सही केल्यानंतरही केव्हाही माघार घेता येते, हे वडिलांना अवश्य सांगा. फक्त पेशी एकदा शरीरात गेल्या की त्या परत काढता येत नाहीत.