शब्दचर्चा : एकाच प्रकल्पातले दोन 'कॉन्फ्लिक्ट'

प्रश्न : कंपायलरच्या अभ्यासक्रमासाठी आम्ही चौघं मिळून एका छोट्या भाषेचा कंपायलर लिहितोय. गिटवर (कोडमधले बदल सांभाळणारं साधन) सामायिक रेपो, म्हणजे कोडचा साठा केला, रीडमी, म्हणजे प्रकल्पाची माहितीची फाइल मराठीत लिहायला घेतला आणि पहिल्याच परिच्छेदात अडलो. मी लिहिलं, 'कॉन्फ्लिक्ट आला तर ज्याचा त्याने सोडवावा.' लगेच एकाने विचारलं, गिटचा की बायसनचा? (बायसन म्हणजे व्याकरणाच्या नियमांवरून पार्सर, म्हणजे कोडची रचना ओळखणारा भाग, बनवून देणारं साधन.) दोन्हींना 'संघर्ष' म्हणावं का?

प्रतिसाद : 'संघर्ष' नको. त्यात झुंज आहे, चिकाटी आहे, अख्खा चरित्रनायक आहे. गिटमध्ये फक्त दोन माणसांनी एकाच ओळीवर हक्क सांगितलेला असतो. त्याला 'तंटा' म्हणा, 'मिटवणे' हे क्रियापद आयतंच मिळतं. बायसनच्या प्रकरणात माणसं नसतातच. पुढचं टोकन (कोडमधला एक शब्द किंवा चिन्ह) आत घ्यावं की हाती जमलेल्यांना नियम लावून आवरतं घ्यावं, हे पार्सरला ठरवता येत नाही. मी आधी 'द्विधा' लिहिणार होतो, पण तो नाम म्हणून नीट चालत नाही. 'पेच' बरा : पडतो, सुटतो, सोडवता येतो.

दुसरा प्रतिसाद : त्याला 'संदिग्धता' हा रुळलेला शब्द आहे की! 'जाड पुठ्ठ्याची वही' घ्या. जाड काय, पुठ्ठा की वही? 'जाड'ला विकार होत नाही म्हणून ही पंचाईत. 'जुन्या पुठ्ठ्याची' आणि 'जुनी पुठ्ठ्याची' यांत प्रत्ययच निकाल देतो. दोन इफ आणि एक एल्स, तर एल्स कुणाचा, हेही तसंच.

पहिला प्रतिसादक : उदाहरण झकास, पण शब्द इथे पुरत नाही. संदिग्ध असतं व्याकरण, पेचात पडतो पार्सर. व्याकरण संदिग्ध असेल तर पेच येणारच. उलट मात्र खरं नाही. प्रत्येक वाक्याचा एकच अर्थ लागणाऱ्या व्याकरणावरही बायसन अडू शकतो, कारण नेहमीच्या एलएएलआर पद्धतीत तो एकच टोकन पुढे पाहतो. निर्णयाला दोन लागत असतील तर अडला.

प्रश्नकर्ती : आमच्याकडे तर तंटा न होताच पेच आला! एकाने नियम घातला की नुसतं नाव म्हणजे व्हेरिएबल. मी माझ्या ब्रांचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) घातला होता, नुसतं नाव म्हणजे प्रकार (टाइप). दोन्ही नियम फाइलीत लांब लांब, त्यामुळे गिटने निमूट मर्ज केलं, म्हणजे दोघांचे बदल एकत्र केले. बायसनने रिड्यूस-रिड्यूसचा, म्हणजे एकाच जागी दोन नियम लागू पडत असल्याचा, इशारा दिला होता, पण तो बाकीच्या ओळींबरोबर वर सरकून गेला. अशा वेळी फाइलीत आधी लिहिलेला नियम बायसन घेतो. माझा खाली होता. एक संध्याकाळ गेली.

पहिला प्रतिसादक : म्हणूनच दोन शब्द हवेत. व्याकरणाच्या फाइलीत एक्स्पेक्ट शून्य ही घोषणा घाला, म्हणजे पेच नुसता इशारा न राहता चूक ठरतो आणि बिल्ड थांबतं. आणि बायसनने तयार केलेली सी फाइल रेपोत ठेवू नका, मेक या बिल्ड करणाऱ्या साधनाकडून प्रत्येकाने आपापली बनवून घ्यावी. नाहीतर नियम एका ओळीचा आणि तंटा शेकडो ओळींचा.

तिसरा प्रतिसाद : जरा अवांतर. पार्सरला कुणी 'पदच्छेदक' लिहू नका. पदच्छेद म्हणजे जोडून आलेली पदं सुटी करणं, ते काम लेक्सरचं, म्हणजे मजकुराची टोकनं पाडणाऱ्या भागाचं. सलग लिहिलेल्या तीन अधिक चिन्हांतून सी भाषेत आधी दोनांचं एक टोकन निघतं, मग उरलेल्या एकाचं. हा झाला पदच्छेद. पार्सर जे करतो त्याला शाळेत 'वाक्यपृथक्करण' म्हणत.

प्रश्नकर्ती : मग रीडमीत असं लिहिते : 'तंटा झाला तर त्या दोघांनी बसून मिटवावा. पेच आला तर व्याकरणाला हात लावण्याआधी चौघांना सांगावं.' मर्जला काय म्हणू?

पहिला प्रतिसादक : मर्जच. 'विलीनीकरण' टंकेपर्यंत कुणीतरी पुश करून मोकळा होईल.