‘क्रिएटिव्ह डिझायनर पाहिजे’ : कल्पक, सर्जनशील की आणखी काही?

अंकवाली : आमच्या छोट्या दिवाळी अंकासाठी यंदा पगारी डिझायनर घ्यायचा आहे. जाहिरात मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. ‘क्रिएटिव्ह’ला सर्जनशील म्हणायचं की कल्पक? आणि डिझायनरला? आरेखक, संकल्पक, अभिकल्पक हे शब्द डोळ्यांखालून गेले, पण ते वाचून नेमका कुठला माणूस अर्ज करेल, ते कळेना. काम काय आहे आणि आम्हाला कुठले गुण हवेत, हे वाचणाऱ्याला सहज समजलं पाहिजे.

जुळारी : ताई, ‘आरेखक’ नकोच. सरकारी बांधकाम खात्यांच्या भरतीत ते पद असतं, नकाशे काढणाऱ्याचं. ‘संकल्पचित्र’सुद्धा तिकडचाच, पूल आणि इमारतींचा. ‘अभिकल्प’ हिंदीत रुळलेला. आपल्या अंकांच्या श्रेयनामावलीत मुखपृष्ठ, सजावट, मांडणी, अक्षरजुळणी असे शब्द वर्षानुवर्षं छापले जातात, तिथूनच उचला की. फक्त सजावट आणि मांडणी एक समजू नका. सजावट म्हणजे कथेच्या डोक्यावर चित्र, कवितेच्या कडेला वेलबुट्टी. मांडणी म्हणजे वाचकाची नजर आधी कुठे जाईल, कुठे थांबेल, पान कुठे मोकळं सोडायचं, हे ठरवणं. तुम्हाला दुसरं काम येणारा माणूस हवाय असं दिसतं. ‘मांडणीकार’ लिहा आणि शेजारी डिझायनरही लिहा. तो शब्द आता मराठीच झाला आहे, त्याची लाज कशाला?

वेलांटी : सर्जनशील की कल्पक, याबद्दल. ‘सर्जन’ सृज् धातूपासून आलं. विसर्जन, उत्सर्जन त्याच घरातले. (‘सृजनशील’ लिहू नका, मराठीत ‘सर्जन’च नीट.) नसलेलं निर्माण करणं हा त्याचा गाभा, म्हणून कवीला सर्जनशील म्हणणं शोभतं. ‘कल्पक’ क्लृप् धातूचा. त्या धातूत जुळणं, योग्य ठरणं, नीट बसवणं हे अर्थ आहेत आणि मराठी वापरातही ते टिकून आहेत. अचानक चार पाहुणे आले आणि घरात होतं त्यातूनच जिने पान वाढलं, त्या बाईला आपण कल्पक म्हणतो, सर्जनशील म्हणत नाही. डिझायनरचं काम असंच. मजकूर दुसऱ्याचा, पानं ठरलेली, छपाईचं बजेट ठरलेलं, तारीख तर हलतच नाही. माझं मत स्पष्ट आहे : कल्पक.

अंकवाली : पटलं. ‘हरहुन्नरी’ कसा वाटतो? माणूस सगळं करणारा असला तर बरंच.

जुळारी : शब्द सुंदर आहे, फारसी ‘हर’ आणि ‘हुनर’. पण नोकरीच्या जाहिरातीत तो आला की एकाच पगारात फोटो, व्हिडिओ, रील्स, सगळंच करून घेणार असा वास येतो. चांगला माणूस तिथेच पान उलटतो. काम एक सांगा, ते नीट सांगा.

अक्षरपारखी : मी उपयोजित कला शिकवतो. मला ‘चोखंदळ’ हा गुण कल्पकतेच्या आधी हवा. पोर्टफोलिओ देखणे असतात, पण त्यातला मजकूर बरेचदा इंग्रजी असतो किंवा नुसता भराव असतो. देवनागरीत कामाला बसवलं की माणूस कळतो. अक्षरांमधलं अंतर वाढवलं आणि शिरोरेखा तुटून लोंबायला लागली, तरी त्याला दिसत नाही. सॉफ्टवेअरची सेटिंग चुकीची राहिल्याने पहिली वेलांटी भलत्याच जागी गेली, जोडाक्षर पाय मोडून सुटं झालं, तरी दिसत नाही. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं की वरचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, म्हणजे शीर्षकाला वजन द्यायची वाटही वेगळी शोधावी लागते.

मुलाखतीला येणाऱ्याला एक पान द्या. त्यात ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ दोन्ही शब्द येऊ द्या. निवडलेल्या फॉन्टमध्ये दुसरा शब्द नीट उमटला का, हे तो स्वतःहून तपासतो का ते पाहा. स्वयंपाकी गुरू होऊन बसायला एवढंसं पुरतं! तसंच मराठीचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात ते आहेत, पण कित्येक फॉन्टमध्ये हिंदी वळणाचेच ल आणि श मिळतात. हा फरक ज्याला खुपतो तो तुमचा माणूस. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट करणारे र. कृ. जोशी, नाटकांच्या शीर्षकांना चेहरा देणारे कमल शेडगे, ही आपली परंपरा आहे. अंक काढणाऱ्यांनी अक्षराच्या बाबतीत हट्टी असायलाच हवं.

वेलांटी : चोखंदळ उत्तम. मूळ भाव निवडून, पारखून घेण्याचा आहे. ‘काटेकोर’ शब्दात मोजमाप येतं, पसंती येत नाही.

अंकवाली : ‘टीम प्लेअर’ला काय लिहू? ‘मिळूनमिसळून वागणारा’ लिहिलं तर लग्नाच्या स्थळासारखं वाटतंय.

अक्षरपारखी : सगळ्याला ‘हो’ म्हणणारा घेऊ नका. संपादकाने मुखपृष्ठावर दहा लेखकांची नावं कोंबायला सांगितली तर ‘नाव वाचलंच जाणार नाही’ हे कारणासह सांगणारा हवा. तो ठाम. कारण न देता अडून बसतो तो हेकट. ‘ऐकून घेणारा, पण स्वतःचं मत असलेला’ एवढं पुरे.

अंकवाली : मग असं लिहिते : “दिवाळी अंकासाठी कल्पक आणि चोखंदळ मांडणीकार (डिझायनर) हवा/हवी. मराठी साहित्य वाचण्याची आवड आवश्यक. देवनागरी अक्षरांची जाण असावी. ऐकून घेणारी, पण स्वतःचं मत असलेली व्यक्ती हवी. मुलाखतीत एका पानाची मांडणी करून द्यावी लागेल. त्याचं मानधन दिलं जाईल.”

जुळारी : मानधन आपण व्याख्यात्याला किंवा परीक्षकाला देतो, मान राखून. हे काम आहे. ‘मोबदला’ लिहा आणि रक्कमही तिथेच छापा.