ओव्हरले: पोस्टजीआयएस की क्यूजीआयएस?

ओव्हरले म्हणजे नकाशाचे दोन थर एकमेकांवर ठेवून नवा थर काढणं. ते क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये करता येतं, तसंच पोस्टजीआयएसमध्येही (पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशे हाताळायला शिकवणारी जोड). 'क्यूजीआयएसमध्ये इंटरसेक्शन (दोन थरांचा सामाईक भाग काढणं) दोन क्लिकमध्ये होतं, मग डेटाबेस कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. काम एकदाच करायचं असेल तर क्यूजीआयएसच वापरा, निकाल लगेच डोळ्यांसमोर दिसतो. पण थर वरचेवर बदलत असतील तर पोस्टजीआयएसमध्ये क्वेरी (डेटाबेसला द्यायचा आदेश) लिहून ठेवलेली बरी, तीच पुन्हा चालवता येते.

माझी गट नकाशा आणि पूररेषेची क्वेरी रात्रभर रखडली होती. कारण पूररेषेचा एकच अगडबंब पॉलिगॉन (बंदिस्त आकृती)! त्याच्या चौकटीत जवळपास सगळेच गट येतात, मग चौकटी पाहून नको ते गट आधीच वगळणारा जिस्ट इंडेक्स बिचारा छाटणार काय? पोस्टजीआयएसच्या एसटी_सबडिव्हाइड या फंक्शनने त्या पॉलिगॉनचे तुकडे केले आणि चहा होईपर्यंत काम उरकलं. (तुकड्यांमुळे एकच गट अनेक ओळींत येतो, म्हणून शेवटी एसटी_युनियनने ते गटवार जोडून घ्या.)

दोन थरांच्या कडा नीट न जुळल्याने उरणाऱ्या बारीक चिरफळ्या टाळण्यासाठी पोस्टजीआयएस ३.१ पासून एसटी_इंटरसेक्शनला ग्रिडसाइज (बिंदू ज्या जाळीवर बसवायचे तिच्या घराचं माप) देता येते, मात्र जीईओएस ही त्यामागची भूमितीची लायब्ररी ३.९ तरी हवी.